मावळातला मोटारप्रवास : एक दिवस, एक खोरे

मावळ तालुका पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कण्याला टेकून आहे. तालुक्याच्या मधून इंद्रायणी वाहते. जुना पुणे-मुंबई महामार्ग आणि लोहमार्ग तिच्याच सोबतीने बोरघाटाकडे जातात; तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, कार्ले आणि लोणावळा ही गावे याच पट्ट्यात आहेत. दक्षिणेची डोंगररांग ओलांडली की पवना नदीचे पवन मावळ लागते. इंद्रायणीच्या उत्तरेला कुंडलिका नदीचे नाणे मावळ आहे आणि त्याच्याही पलीकडे आंध्रा नदीचे आंदर मावळ. कुंडलिका आणि आंध्रा पुढे इंद्रायणीला मिळतात. पवना मात्र स्वतंत्र वाहत पिंपरी-चिंचवडमधून जाऊन मुळेला मिळते.

मावळात मोटारीने हिंडायचे तर हा नकाशा आधी डोक्यात बसायला हवा. सह्याद्रीतून पूर्वेकडे निघालेल्या डोंगरसोंडांनी ही खोरी एकमेकांपासून वेगळी केली आहेत. दोन खोऱ्यांतली गावे सरळ रेषेत सात-आठ किलोमीटरवर असली तरी मधला डोंगर बहुतेक ठिकाणी गाडीला ओलांडता येत नाही. महामार्गावर परत येऊन दुसऱ्या फाट्याने आत शिरावे लागते. म्हणून ‘पाहण्याची ठिकाणे’ क्रमाने लिहून केलेला बेत इथे सहसा फसतो. दिवसाला एक खोरे हा हिशेब धरला तर तीच ठिकाणे निवांत पाहून होतात आणि वाटेतली गावेही नीट दिसतात.

हंगामाची निवड

मावळात वर्षाचे प्रत्येक दोन-तीन महिने वेगळे दिसतात. लोणावळ्याला वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला तळेगावकडे तो निम्म्याहूनही कमी होतो. एकाच दिवशी खंडाळ्यात धुक्याने दिवे लावून गाडी चालवावी लागते, तर वडगावला ऊन असते.

जुलैत भाताची लावणी चालते. खाचरे पाण्याने भरलेली असतात, डोंगरावरून ओढे उतरतात आणि सारे मावळ हिरवे होते. गर्दीही याच काळात सर्वाधिक असते आणि आतल्या रस्त्यांची अवस्था सर्वांत वाईट. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ मोटारप्रवासाला अधिक सोयीचा. पावसाचा जोर ओसरतो, धरणे भरलेली असतात, सड्यांवर रानफुले येतात आणि भात पोटरीला येऊन निसवू लागतो. ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात कापणी-झोडणी असते. खळ्यावर आणि कधी डांबरी रस्त्याच्या कडेलाही भात वाळत घातलेला दिसतो. डिसेंबर-जानेवारी किल्ले आणि लेण्यांसाठी उत्तम, कारण उन्हाचा त्रास नसतो आणि हवा स्वच्छ असल्याने लांबवरचे दिसते.

एप्रिल-मे मध्ये गवत सुकून डोंगर पिवळे पडतात. शेतकरी राब भाजतात, करवंदे-जांभळे पिकतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या सरींच्या आगेमागे, राजमाची आणि आंदर मावळाच्या झाडीत काजवे चमकतात. ते पाहायला जाणाऱ्यांनी गाडीचे दिवे आणि टॉर्च बंद ठेवणे गरजेचे असते. काजव्यांची चमक हा नर-मादीचा संकेत आहे आणि झगझगीत उजेडात तो हरवतो.

यायचे कोणत्या रस्त्याने

२००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. तो शहरे जोडण्यासाठी आहे, मावळ पाहण्यासाठी नाही. लोणावळ्याजवळचे कुसगाव आणि तळेगाव यांच्यामध्ये त्यावरून उतरायला वाट नाही. म्हणजे कार्ले, कामशेत, कान्हे, वडगाव हे सारे फाटे बाजूला राहतात. दुचाकींना तिथे बंदी आहे आणि १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग नसलेल्या वाहनाला दुप्पट टोल भरावा लागतो.

मुंबईकडून येणाऱ्यांनी घाट चढून लोणावळ्याला उतरावे आणि पुढे जुना महामार्ग धरावा. पुण्याकडून येणाऱ्यांना देहूरोडपासूनच जुना महामार्ग सोयीचा. सोमाटणे फाटा, वडगाव, कान्हे फाटा, कामशेत आणि कार्ले फाटा ही खोऱ्यांची आणि लेण्यांची प्रवेशद्वारे एकामागून एक या रस्त्यावर लागतात. पेट्रोल पंप, गॅरेज, एटीएम आणि औषधांची दुकानेही इथेच आहेत. आत शिरण्यापूर्वी टाकी भरणे, हवा तपासणे आणि थोडी रोख रक्कम जवळ ठेवणे ही कामे फाट्यावरच उरकावीत. खोऱ्यांच्या टोकाला मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. तसे नाही जमले तर फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर विचारलेला रस्ता पुरेसा होतो. कुठला साकव पाण्याखाली आहे आणि कुठे काम चालू आहे, हे टपरीवाल्याला नकाशापेक्षा आधी कळते.

मधला पट्टा : लेणी, लोहगड आणि वडगाव

इंद्रायणीच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांत कार्ले, भाजे आणि बेडसे ही बौद्ध लेणी आहेत. कोकणातली बंदरे आणि घाटमाथ्यावरच्या बाजारपेठा यांना जोडणाऱ्या व्यापारी वाटा इथून जात, आणि त्या वाटांवर ये-जा करणाऱ्यांच्या दानातून ही लेणी कोरली गेली. भाजे सर्वांत जुने, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. कार्ल्याचे चैत्यगृह भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे असून त्याची लांबी सुमारे ३८ मीटर आहे. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही तिथे टिकून आहेत. दात्यांची नावे खांबांवर कोरलेली असून त्यांत यवनांचीही नावे आढळतात. लेण्याच्या दाराशीच एकवीरा आईचे मंदिर आहे. कोळी आणि इतर अनेक समाजांची ही कुलदेवता असल्याने चैत्रातल्या यात्रेत इथे मोठी गर्दी लोटते. लेणी शांतपणे पाहायची असतील तर ते दिवस आणि एरवीचे रविवार टाळावेत.

कार्ल्यासमोर महामार्गाच्या दक्षिणेला मळवली आणि त्यामागे भाजे गाव आहे. तिथून वळणावळणाचा चढा रस्ता लोहगडवाडीपर्यंत जातो. हा रस्ता अरुंद आहे. सुट्टीच्या दिवशी समोरासमोर गाड्या आल्या की मागे घेण्याचे कौशल्य पणाला लागते. सकाळी आठच्या आत वर पोहोचणे हा सर्वांत सोपा उपाय. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या ‘मराठा लष्करी भूप्रदेशा’तल्या १२ किल्ल्यांपैकी लोहगड एक आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महा अशा चार दरवाजांची त्याची सर्पाकार वाट आजही शाबूत आहे. गडाची विंचूकाटा नावाची लांबलचक सोंड पवन मावळावर पुढे आलेली आहे. दक्षिणेचे सारे खोरे तिथून एका नजरेत येते.

तालुक्याचे ठिकाण असलेले वडगाव बहुतेक प्रवासी न थांबता ओलांडतात. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून पुण्यावर चालून आलेली इंग्रजांची फौज घाट चढून तळेगावापर्यंत आली. पुढचा मुलूख मराठ्यांनी ओसाड करून ठेवला होता. रसद तुटल्यावर फौजेला रातोरात माघार घ्यावी लागली आणि वडगावला तिची पुरती कोंडी झाली. १६ जानेवारीला इंग्रजांनी इथे तह केला. मराठ्यांकडून त्या वाटाघाटींत महादजी शिंदे यांचा मोठा वाटा होता. कार्ल्याजवळ त्याच मोहिमेत पडलेला कॅप्टन स्टुअर्ट मराठी लोकस्मृतीत ‘इष्टुर फाकडा’ म्हणून राहिला आहे.

पवन मावळ : वर्तुळाकार रस्ता

तिन्ही खोऱ्यांपैकी गाडीने फेरी पूर्ण होते ती फक्त पवन मावळात. पहिल्यांदा येणाऱ्यांनी म्हणूनच इथून सुरुवात करावी. कामशेतहून दक्षिणेला वळले की डोंगर ओलांडून पवनानगरकडे जाणारा रस्ता लागतो. वाटेतून आत बेडसे गाव आहे. तिथल्या चैत्यगृहाचे पुढचे दोन भव्य खांब आणि त्यांच्यावरचे हत्ती-घोडे-बैलांवर बसलेले स्त्रीपुरुष पाहायला पायऱ्या चढाव्या लागतात. पण कार्ल्याची गर्दी इथे नसते.

पवनानगर म्हणजे जुनी काले कॉलनी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेल्या पवना धरणाच्या पायथ्याची ही बाजारपेठ आहे. धरणात अनेक गावांच्या जमिनी गेल्या. पाणी आज मुख्यतः पिंपरी-चिंचवडला जाते. इथून जलाशयाला वळसा घालणारे दोन रस्ते फुटतात. उत्तरेचा ठाकूरसाईवरून दुधिवरे खिंड चढतो आणि लोणावळ्याला उतरतो. लोहगडवाडीलाही या खिंडीतून जाता येते. दक्षिणेचा रस्ता तिकोना पेठेवरून जवण, मोरवे आणि तुंगवाडीच्या बाजूने घुसळखांबला पोहोचतो व तिथून लोणावळ्याला येतो. जाताना दक्षिणेचा आणि येताना उत्तरेचा, किंवा उलट, अशी फेरी एका दिवसात आरामात होते.

दक्षिणेच्या रस्त्यावर तिकोना आणि तुंग हे दोन किल्ले आहेत. तिकोन्याची वाट दोन-अडीच तासांत चढून-उतरून होते. तुंग ऊर्फ कठिणगड सुळक्यासारखा उभा असल्याने चढ थोडा आणि ताठ आहे. पावसाळ्यात तो घसरडा होतो. दोन्ही किल्ले, लोहगड आणि त्याच्या शेजारचा विसापूर किल्ला एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत. पवना खोऱ्यातून घाटाकडे जाणाऱ्या वाटांवर नजर ठेवण्यासाठीच ही मांडणी झाली, हे गाडीतून फिरताना सहज लक्षात येते : कुठल्याही वळणावर चारांपैकी एक तरी किल्ला समोर असतोच.

लोणावळ्याच्या बाजूने परतताना सहारा पुलाच्या पुढे-मागे आणि लायन्स पॉइंटवर पावसाळ्यात दाट धुके असते. शनिवार-रविवारी दुपारनंतर भुशी धरणापासून शहरापर्यंत वाहनांच्या रांगा लागतात. त्या दिवशी फेरीची दिशा अशी ठेवावी की लोणावळा सकाळी मागे पडेल आणि संध्याकाळी कामशेतला किंवा सोमाटणे फाट्याला बाहेर पडता येईल.

नाणे मावळ : भाताचे खोरे

कामशेतहून उत्तरेला इंद्रायणी ओलांडली की नाणे गाव आणि त्याच्या नावाचे मावळ सुरू होते. रस्ता गोवित्री, करंजगावच्या बाजूने पश्चिमेला जातो आणि जांभिवलीला संपतो. अंतर वीसेक किलोमीटर, पण ते घाईने कापण्यासारखे नाही. दोन्ही बाजूंना भातखाचरे आहेत. मावळ हे महाराष्ट्रातल्या नावाजलेल्या भातपट्ट्यांपैकी एक. सर्वत्र विकला जाणारा इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून तयार झाला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शेतकऱ्याच्या घरूनच नवा तांदूळ विकत घेता येतो.

जांभिवलीजवळ झाडीत कोंडेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. इथूनच ढाक-बहिरीची पायवाट निघते. ढाकचा शेवटचा टप्पा उभ्या कड्यावर दोर-खोबण्यांच्या आधाराने चढावा लागतो. सराव नसलेल्याने आणि पावसाळ्यात कोणीच त्या वाटेला जाऊ नये. मोटारप्रवाशासाठी कोंडेश्वर हेच या खोऱ्याचे टोक.

आंदर मावळ : धरणाकाठचा लांब रस्ता

कान्हे फाट्यावरून उत्तरेला टाकवे बुद्रुक लागते. इथपर्यंत कारखाने आणि गोदामे आहेत; पुढे वडेश्वर, माळेगाव, खांडी, सावळे अशी गावे मागे टाकत रस्ता घाटमाथ्याकडे सरकतो. टोकापर्यंतचा हा प्रवास तीसेक किलोमीटरचा आहे आणि त्याचा मोठा भाग ठोकळवाडी धरणाच्या पाण्याशेजारून जातो.

या पाण्याची कथा मावळातल्या अनेक तलावांना लागू पडते. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस अडवून तो बोगद्यांतून आणि नळांतून कोकणाच्या बाजूला सोडायचा आणि त्या उताराच्या बळावर वीज करायची, ही टाटांची योजना होती. वळवण, शिरोता आणि लोणावळ्याच्या तलावांवर खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. आंध्रा नदीवरच्या ठोकळवाडी धरणाने १९२२ पासून कर्जतजवळच्या भिवपुरी वीजघराला पाणी दिले. पूर्वेला वाहणारी नदी अशी पश्चिमेला वळवली गेली. नदीकाठची जमीन पाण्याखाली गेली आणि गावे वर सरकली. रस्त्याला आज एवढी वळणे आहेत ती त्यामुळेच.

आंदर मावळात खाणावळी आणि दुकाने तुरळक आहेत. ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी समाजाच्या वाड्या आतवर पसरल्या आहेत. जेवण टाकव्याला उरकावे किंवा एखाद्या गावात घरगुती जेवणाची आदल्या दिवशी विचारणा करून ठेवावी. अंधार पडण्याआधी टाकव्यापर्यंत परतणे श्रेयस्कर, कारण पुढच्या रस्त्यावर दिवे नाहीत आणि गुरे रस्त्यावरच बसतात.

राजमाचीचा उल्लेख इथेच केलेला बरा. श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडबालेकिल्ल्यांच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत लोणावळ्याहून सुमारे पंधरा किलोमीटरची वाट आहे. परंतु ती खडबडीत आहे. साधी मोटार तिथे नेऊ नये. लोणावळ्यात गाडी ठेवून चालत जाणे किंवा स्थानिक जीप ठरवणे हे दोनच चांगले पर्याय.

मुक्काम आणि जेवण

मुक्कामाला कामशेत-कार्ले पट्टा सर्वांत सोयीचा, कारण तिथून तिन्ही खोरी आणि लेणी जवळ पडतात. कार्ल्याला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. पवनाकाठी तंबूंची असंख्य ठिकाणे झाली आहेत. त्यांतले निवडताना पाण्यापासूनचे अंतर, स्वच्छतागृह, रात्रीचा आवाज आणि परवानगी यांची चौकशी करावी.

कृषी पर्यटन केंद्रे हा तिसरा मार्ग, आणि त्यासाठी इटलीचे उदाहरण उपयोगी पडते. इटलीत खेड्यापाड्यांतून मोटारीने फिरण्याची जी प्रथा रुजली, तिला १९८५ च्या कायद्याने मोठे बळ दिले : शेतकऱ्याने घरी पाहुणे उतरवावेत, आपल्या शेतातले वाढावे, मात्र शेती हाच मुख्य व्यवसाय राहावा, अशी त्याची अट होती. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आणि अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होऊ लागली. मावळात निवड करताना इटलीचीच कसोटी लावावी. पाहुण्याला ताटात त्या शेतातला भात, भाजी, नाचणीची भाकरी मिळते का आणि जवळ प्रत्यक्ष शेती चालते का? पोहण्याचा तलाव आणि ध्वनिवर्धक एवढेच असेल तर ते शेताच्या नावाचे हॉटेल आहे.

इटलीतून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथल्या अनेक जुन्या गावांच्या गाभ्यात बाहेरच्या मोटारींना प्रवेश नसतो. गाडी वेशीबाहेर ठेवून चालत जावे लागते. मावळात तसा नियम नाही, पण गल्ल्या तितक्याच अरुंद आहेत. गाडी शाळेजवळ किंवा मंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत विचारून लावावी. बांधावर किंवा खळ्यावर चाक घातले की शेतकऱ्याचे नुकसान होते.

पाणी, घाट आणि नियम

मावळातले गंभीर अपघात रस्त्यापेक्षा पाण्यात अधिक गाजले आहेत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर पडलेल्या पावसाचा लोंढा काही मिनिटांत खाली येतो, तेव्हा खाली पाऊस नसला तरी प्रवाहाच्या मधोमध उभे राहणे धोक्याचे ठरते. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे, धरणे आणि किल्ल्यांवर वेळेची व प्रवेशाची बंधने घालते. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या वर्षीचे आदेश पाहून घ्यावेत. पवना जलाशयात वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ आणि अचानक खोल उतार आहेत, त्यामुळे पोहायला उतरू नये. साकवावरून पाणी वाहत असेल तर ते ओसरेपर्यंत थांबावे.

घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी आणि आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवावा. धुक्यात पार्किंगचे चारही दिवे लावून गाडी चालवण्याची सवय चुकीची आहे; मागच्याला वळण्याचा इशारा कळत नाही. मंद प्रकाशझोत आणि धुक्याचे दिवे पुरेसे असतात.

तीन दिवसांचा बेत

हे सारे एकत्र केले तर तीन दिवसांचा बेत असा बसतो. शक्यतो तो मंगळवार ते गुरुवार असा ठेवावा. पहिल्या दिवशी सकाळी भाजे आणि लोहगड, उन्हे उतरल्यावर कार्ले, मुक्काम कार्ले किंवा कामशेत. दुसऱ्या दिवशी बेडसे, पवनानगर, तिकोना आणि तुंगवाडीवरून घुसळखांब. परतीला दुधिवरे खिंड उतरून पवनाकाठी मुक्काम. तिसऱ्या दिवशी कामशेतला येऊन नाणे मावळातून कोंडेश्वर, किंवा त्याऐवजी कान्हे फाट्यावरून आंदर मावळ. दोन्ही एका दिवसात बसवू नयेत. पुण्याला जाणाऱ्यांनी शेवटी वडगावला थांबावे, मुंबईला जाणाऱ्यांनी दुपारी चारच्या आत लोणावळा ओलांडावे.

दोनच दिवस हातात असतील तर पहिला मधल्या पट्ट्याला आणि दुसरा पवन मावळाला द्यावा. एकच दिवस असेल तर हंगाम पाहून एक खोरे निवडावे : पावसाळ्यानंतर पवन मावळ, कापणीच्या दिवसांत नाणे मावळ आणि हिवाळ्यात आंदर मावळ.